नागलीचे पापड आणि दिनेशची वीज

गंगापूर रोड, नाशिक
जुलै २००९

चि. खंडेरावास अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे मी ठणठणीत आहे. कळवणला तुम्ही सगळे तसेच असाल. सुवर्णाच्या गुडघ्याला तेल चोळून देतोस की नुसती चौकशी करतोस? (तुझ्या चौकशा मला ठाऊक आहेत. फोनवर "बरी आहेस ना" विचारतोस आणि मी "हो" म्हणायच्या आत ठेवून देतोस. म्हणून हे पत्र.) माझी काळजी करू नकोस. हे गेल्यापासून मी एकटी पडले असं नातेवाईकांत कोणी तरी पसरवलंय, ते साफ खोटं आहे. सकाळी दूधवाला येतो. महिन्यातून एकदा मीटर बघणारा येतो, त्याला मी बसवून चहा देते. परवा तो म्हणाला, "मावशी, मीटर लय कमी फिरलंय, गावाला गेल्या व्हत्या का?" एवढी विचारपूस सख्खा भाऊ करत नाही.

तर मागची खोली रिकामी झाली. आता पुन्हा भाडेकरू ठेवायचा नाही, हे आधीच सांगून ठेवते. दिनेश होता तेवढा पुरे. नामपूरच्या कांदेवाल्यांचा मुलगा, इथल्या कॉलेजात पीएचडी करायचा. कशात, विचारलं तर म्हणाला, वीज साठवण्यात. मला वाटलं, इन्व्हर्टर विकतो. मग त्याने समजावलं, की पेन्सिलीतल्या शिशाचे पदर सुटे केले, की त्यातल्या एका पदराला ग्राफीन म्हणतात. त्यात बारीक बारीक भोकं ठेवायची, म्हणजे वीज पुष्कळ मावते. आता भोकांच्या वस्तूत काही राहतं हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. माझ्या चाळणीत पीठ राहत नाही, तिथे वीज कुठली! तसं मी म्हटलंही. तर म्हणतो, "मावशी, मोकळी जागाच नसली तर कोणी येऊन राहील कसं?" (आणि लगोलग खोलीचं भाडं कमी करायला सांगितलं. मी केलं.)

शिशाचे पदर सुटे करायला ते कसल्याशा आम्लात भिजवलं, की त्याचा तपकिरी लगदा व्हायचा, आणि तो वाळवायचं त्याचं काम असे. कॉलेजातली भट्टी तापत आली, की लोडशेडिंग. म्हणून गेल्या उन्हाळ्यात त्याने तो लगदा माझ्याच डब्यांच्या झाकणांत पातळ ओतून गच्चीवर उन्हात ठेवला. शेजारी लुगड्यावर माझे नागलीचे पापड. रंग तोच, आकार तोच, आणि माझा चष्मा खाली टीव्हीवर. संध्याकाळी मी सगळंच गोळा करून एका डब्यात भरलं. दुसऱ्या दिवशी खिचडीबरोबर भाजायला म्हणून एक पापड चिमट्यात धरून गॅसवर नेला, तर फुस्स! पापड एवढा फुगला की चिमट्यात मावेना, आणि काळ्या कापसासारखं काही तरी घरभर उडालं. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पार विठोबाच्या रंगाचा झाला. शेजारच्या कुसाबाई सिलिंडर फुटला म्हणून अनवाणी धावत आल्या.

मला वाटलं, पोराची सगळी मेहनत गेली, आता तो रडणार. तर तो ते काळं बोटावर घेऊन ओरडला, "मावशी, हाईच जोयजे व्हतं!" (हेच पाहिजे होतं म्हणे. आनंद झाला की त्याची अहिराणी सुटायची.) तो इतके दिवस हळूहळू तापवत होता. एकदम आच दिल्यावर आतली वाफ जोरात बाहेर पडली आणि हवी तशी भोकं झाली. त्यानंतर त्याचे पापड मीच भाजायचे, तोंडाला पदर बांधून, गच्चीवर.

त्या काळ्यातून त्याने काडेपेटीएवढी डबी केली आणि तिला एक इवलासा दिवा लावला. लाईट असताना डबी चुटकीसरशी भरायची आणि लाईट गेले, की तेवढ्याच घाईने रिकामी व्हायची. वरण-भाताला उजेड, ताकाला अंधार. मग तो अंधारात नामपूरच्या गोष्टी सांगत बसायचा, आणि लाईट आले की मला उगीच राग यायचा.

मे महिन्यात तो कोरियाला गेला. फोन करतो अधूनमधून. तिकडे वीज जातच नाही म्हणे. मग संध्याकाळी करतो काय हा? दिवा माझ्याकडे ठेवून गेलाय. मी तो कपाटात टाकून दिला. मला एकटीला काय करायचाय? मी आता उजेड आहे तोवर जेवून घेते, आणि फार शांत वाटतं.

सुवर्णाला आशीर्वाद.

तुझी अक्का

ता. क. तुझ्या तृप्तीला इथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि तू तिच्यासाठी हॉस्टेल बघतोयस, असं सुवर्णाने सांगितलं. हॉस्टेल चांगलंच असेल. तिथल्या वरणात डाळ असते का, एवढं विचारून घे.

आणखी एक. वरणाचं सोड. तिला माझ्याकडे पाठव. खोली मी झाडून ठेवलीय. खंडेराव, अंधारात एकटीला घास जात नाही रे. आणि तिने सायन्सच घेतलेलं असायला हवं असं काही नाही, आर्ट्स असलं तरी चालेल.

शेवटचं. दिवा कपाटात नाही, ताटाजवळ असतो. रोज भरते. तृप्तीला एवढं बजाव, की तो फार वेळ टिकत नाही, तेव्हा संध्याकाळी जेवायला वेळेवर घरी यायचं.