निरंक

१९ फेब्रुवारी, दुपारी अडीच

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. 'इथे सगळे ठीक' असं लिहिलं होतं, ते खोडलं.

तुम्ही फोन उचलत नाही, तेव्हा पत्रच. ड्यूटी संपलीय, पाय भरून आलेत, कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून लिहितेय. तुम्ही माहेरी गेलात त्याला पाच महिने झाले. छोटीचे दात पडायला लागले का?

दादा आमच्याच वॉर्डात आहे. घाबरू नका, आता बोलतो. बाथरूमपर्यंत गेला तरी धाप लागायची म्हणून आणला, आणि तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटरवर ठेवावा लागला. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं धुरकट. हृदय चांगलं, टीबी नाही, अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. दहा दिवस सगळे डोकं खाजवत होते.

मग मोठ्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या जिभेवरचा पांढरा थर पाहिला आणि दाखल करतानाचा फॉर्म मागवला. रक्त, सुया, बाहेरचे संबंध, असा एक रकाना असतो. तिथे लिहिलं होतं, 'निरंक'.

"सिस्टर, अक्षर तुमचं. पेशंटला विचारलं होतंत?"

"माझा भाऊ आहे, मॅडम."

"मी ते विचारलं नाही."

एरवी लाजणाऱ्या पेशंटला मी दोनदा विचारते. दादाला विचारायची मलाच लाज वाटली. आणि सिस्टरने लिहिलंय म्हटल्यावर पुढे कुणी विचारलंच नाही.

एचआयव्ही निघाला, वहिनी. त्याने अंगातली ताकद आधीच पोखरली होती, म्हणून फुप्फुसात बुरशीचा न्यूमोनिया झाला. नेमकं औषध सुरू झालं आणि चार दिवसांत नळी निघाली. दादाने सगळं कबूल केलं. वहिनींना कळवू का, विचारलं, तर भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तूच लिही. माझी छाती होत नाही."

जाताना तुम्ही म्हणाला होतात, "हे काहीतरी लपवतायत." मी फाडकन ऐकवलं, संशयाला औषध नसतं. चुकलं माझं. तेव्हाही मी न विचारताच निरंक लिहून मोकळी झाले.

त्याला माफ करा, असं म्हणत नाही. पण याच आठवड्यात तपासणीला या. उपाशीपोटी यावं लागत नाही. तुमचा रिपोर्ट आला की छोटीचं ठरवू. दादाचं तोंड बघायचं नसेल तर मागच्या दाराने नेईन. काही निघालंच, तर याला औषध आहे. रोज घेतलं की माणूस जगतो.

तुमचा फॉर्म काढून ठेवलाय, कोरा. तुम्हाला विचारूनच भरेन.

वॉर्डाची सिस्टर, पण तुमची
नणंद