दोन महिन्यांचा की सत्तावीस वर्षांचा

मुलुंड (पूर्व), मंगळवार

ती. शुभाताईस,

श्यामकांतचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो असं भाऊजींनी कळवलं, ऐकून बरं वाटलं. (चढू देतो म्हणून रोज चढू नकोस.) आम्ही दोघं ठीक आहोत. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने लावतेस. शिवाय विषय असा आहे की तो मलाच अजून पुरता कळलेला नाही. आम्ही पोपट घेतोय. किती वयाचा घ्यावा, एवढंच तू सांगायचं आहेस. सोसायटीत विचारायची सोय नाही, कारण मुंबईत ‘माझा पोपट’ म्हटलं की पुढचं न ऐकताच लोक हसतात.

मिहिर जानेवारीत बंगळूरला गेला. तेव्हापासून घरात पद्मजा बोलते आणि मी ऐकतो. (उत्तरही देतो, पण बहुतेक मनातल्या मनात, असं तिचं म्हणणं.) एक दिवस ती म्हणाली की या घरात उलट बोलणारं कुणीतरी हवं. मी टीव्हीचा आवाज वाढवून दाखवला, त्यावरून दोन दिवस अबोला झाला. मांजराने तिला शिंका येतात, कुत्र्याला आमचा सेक्रेटरी लिफ्टमध्ये घेत नाही, म्हणून पोपट. दुसऱ्या मजल्यावरच्या दर्शनाने सांगितलं की आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट पाळणं कायद्याने गुन्हा आहे. राहिला तो परदेशी, करड्या अंगाचा, लाल शेपटीचा, आणि तोसुद्धा कागदपत्रांसकट.

आधी घाटकोपरला विकी नावाच्या माणसाकडे गेलो. हा घरीच पक्ष्यांची पैदास करतो. त्याने दोन महिन्यांचं पिल्लू दाखवलं. पिसं अजून पुरती आलेली नाहीत, पोट पुढे, मान हलती, अगदी आपले नाना सकाळी उठल्यावर दिसायचे तसं. ते कोमट पेजेसारखं काहीतरी पिचकारीने खातं. विकीने ते माझ्या खांद्यावर ठेवलं, तर कॉलरमध्ये चोच खुपसून झोपूनच गेलं. मी वीस मिनिटं हललो नाही. (मिहिर लहान असताना मी इतका वेळ बसलो नव्हतो, असं पद्मजाने विकीला सांगितलं.) मग सहज विचारलं, हे किती जगतं? विकी म्हणाला, “काका, नीट ठेवलंत तर पन्नास वर्षं टेन्शन नाही.”

ताई, मी अडुसष्ट वर्षांचा आहे. टेन्शन नक्की कुणाला नाही, ते विचारायचं राहिलं. तिथूनच मिहिरला फोन केला की पुढे-मागे सांभाळशील का. तो म्हणाला, बाबा, माझ्याकडे तुळस जगत नाही, आणि मीटिंगमध्ये गेला.

म्हणून आम्ही वयस्कर पोपटाकडे वळलो. बोरिवलीला चंद्रप्रकाश सामंत म्हणून गृहस्थ आहेत, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे. त्यांची इमारत पाडून नवी बांधणार आहेत, तोवर ते वाकोल्याला मुलाकडे राहणार. तिथे तान्हं बाळ आहे, त्याला दम लागतो, आणि या पक्ष्याच्या पिसांतून पीठ उडतं. म्हणून सत्तावीस वर्षांचा बाळा (पोपटाचं नाव) द्यायचा आहे. आम्ही बसलो, सामंत चहा ठेवायला आत गेले, आणि गॅलरीतून बाईचा आवाज आला, “अहो, गोळी घेतली का?”

आतून सामंत म्हणाले, “घेतली गं.”

पद्मजा नमस्कार करायला उठून उभी राहिली. गॅलरीत फक्त पिंजरा होता. पत्नी लताबाईंना जाऊन चार वर्षं झालीत, हे सामंतांनी चहा देताना सांगितलं. पद्मजाचा चहा तसाच राहिला.

तिथेही मी वयाचं विचारलंच. हा आणखी पंचवीस वर्षं आरामात काढेल म्हणाले. म्हणजे म्हातारा म्हणून जो दाखवला, तोही माझ्यानंतर राहणार. मोठा घेतला तर प्रश्न लवकर मिटेल, असं मी मनात धरलं होतं, त्याची मला तिथे बसल्या बसल्या लाज वाटली.

रिक्षात पद्मजा म्हणाली की परकी बाई माझ्या नवऱ्याला ‘अहो’ म्हणणार, हे काही मला जमायचं नाही. मी म्हटलं, मग पिल्लू घेऊ, ते आपले शब्द शिकेल. ती म्हणाली, “कोणते? आपल्या घरात दोनच शब्द आहेत, ‘काय?’ आणि ‘काही नाही’.” यावर मी मनात उत्तर शोधेपर्यंत मुलुंड आलं आणि तिला पुन्हा बाळाच हवा झाला.

निघताना मी सामंतांना विचारलं होतं, तुम्हाला करमेल का? ते म्हणाले, “तिकडे सून विचारेल की गोळीचं.” दार लावलं. मग परत उघडून म्हणाले, “मका उकडून द्या. कच्चा तो फेकतो.”

आता तू सांग. तू म्हणशील ते करू. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
श्यामकांत

ता. क. हे पत्र तिकिटाअभावी चार दिवस टेबलावर पडलं. तेवढ्यात पद्मजा बोरिवलीला जाऊन बाळाला घेऊन आली. तेव्हा वरच्या प्रश्नाचं उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल. आल्यापासून तो एक अक्षर बोललेला नाही. पद्मजा दिवसभर त्याच्याशी बोलते. सामंत रविवारी जेवायला येणार आहेत.

ता. क. २. खरं काम असं : आमच्यानंतर बाळाला कोण, हे पद्मजाला मृत्युपत्रात लिहून हवंय. तुझी नात श्रुतिका वीस वर्षांची आहे ना? तिला पक्षी आवडतात का, एवढंच हळूच बघ. वर्षांचा आकडा आत्ताच सांगू नकोस.

शुभाताई, नमस्कार. पत्र टाकायला मी चालले आहे, म्हणून दोन ओळी. यांना एवढ्यात कळवू नका, पण श्रुतिकाला मी गेल्या आठवड्यातच फोन केला होता. ती आनंदाने तयार आहे, फक्त म्हणते, मामी आजी, मोठा नको, पिल्लू असेल तर द्या म्हणजे लळा लागेल. विकीला मी हो सांगून टाकलंय. तुम्ही यांना सवडीने सांगा, तुमचं ते ऐकतात.

— पद्मजा