सीलच्या मागे ओतलेलं पाणी

३ मार्च
नोकरीचा पहिला दिवस मजेत गेला. काम सोपं आहे. संग्रहालयातल्या फ्लेमिंगोंच्या मानेवरची धूळ झटकायची, कोल्ह्याच्या काचेच्या डोळ्यांवर फडकं मारायचं. पहारेकरी हमादी म्हणाला, "मबरूकाबाई, इथली जनावरं गुणी. खायला मागत नाहीत की उलट बोलत नाहीत. आमच्या घरच्यांनी शिकायला पाहिजे." खूप दिवसांनी हसले.

माझा मुलगा रमझी होडीतून इटलीला निघाला तो मला न सांगताच. त्यामुळे त्याच्या मागे पाणी ओतायचं राहिलं. आमच्यात म्हणतात, पाणी ओतलं की गेलेलं माणूस परत येतं. होडी बुडाली म्हणतात. प्रेत काही मिळालं नाही. तेव्हापासून घर खायला उठतं.

९ मार्च
पेंढा भरलेल्या जुन्या समुद्री सीलला कसर लागली होती. संचालिकाबाईंनी तो पुरायला सांगितला. हमादी हातगाडीवरून त्याला मागच्या दाराने घेऊन निघाला. माझ्या हातात बादली होती. सवयीने मी त्याच्या मागे पाणी ओतलं. हमादी थबकला. "अहो, मेलेल्यामागे कुणी पाणी ओततं का?"

ओतताना तोंडात रमझीचं नाव होतं. ते मी हमादीला सांगितलं नाही.

११ मार्च
सील परत आपल्या जागेवर आहे. अंगाला ओली माती. हमादी शपथ घेऊन सांगतो की खड्डा त्याने स्वतः बुजवला होता. संचालिकाबाई त्याच्यावरच उखडल्या.

मी घाबरायला हवं होतं. त्याऐवजी भरदुपारी बादली घेऊन किनाऱ्यावर गेले. रमझीची होडी सुटली तिथे पाणी ओतलं आणि ओक्साबोक्शी रडले.

१२ मार्च
हमादीला ते सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. नोकरी सोडून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "सील जिवंत होऊन आला का, बाई? गेला तसाच आला. तुमचं पोर कसं गेलं, ते आठवा."

१३ मार्च
दुपार. संग्रहालयात मी एकटी. मागचं दार वाजतंय. उंबऱ्याखालून खारं पाणी आत येतंय —

"यम्मा" म्हणतो, आई. आवाज रमझीचाच. थंडी वाजते म्हणतो —

फटीतून पाहिलं. तोंड — माशांनी —

एकटा नाही. त्याच्या मागे होडीतले सगळे. बाया, पोरंसुद्धा. सगळे मलाच यम्मा म्हणतात. त्यांच्या आयांनी कुणी पाणी ओतलं नाही —

उघडू नये, कळतं मला. पण तो कुडकुडतोय. कडी काढते. चेहरे तर कुणालाच उरले नाहीत, माझा कोणता ते जवळ घेऊन बघीन, नाहीच कळलं तर सगळ्यांनाच