हिरवं वर्तुळ

प्रिय जुरांदीर,

आधी माझी तक्रार ऐकून घे. आमच्या ऑफिसातला कॉफीचा थर्मास काढून टाकला. त्या जागी एक यंत्र आणून बसवलंय. त्याला गळ्यातलं ओळखपत्र दाखवायचं, मग ते घुरघुरत विचार करतं, आणि दोन तासांच्या आत दुसरा कप मागितला तर सरळ नाही म्हणतं. मिनासच्या, कॉफीच्या मुलखातल्या बाईला कॉफी नाकारतं! असा अपमान तूसुद्धा कधी केला नाहीस, आणि आपल्या संसारात तू फारसं काही बाकी ठेवलं नव्हतंस. कोण किती कॉफी पितं, हे आता डॉक्टर एवांद्रोंना त्यांच्या खुर्चीतून दिसतं. आमचे डायरेक्टर. पदवीने नव्हे, टायने डॉक्टर.

हसू नकोस. हसलास तर पुढचं वाचणार नाहीस. फोनवर तू माझं दुसरं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून हा कागद बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय. जुरांदीर, मला भीती वाटतेय. कॉफीची नाही. तुझ्या घरावर, तुझ्या गाईंवर, अख्ख्या कोरेगो फुंदो गावावर खाणीच्या गाळाचं जे धरण उभं आहे, त्याची.

माझं काम तुला कधी कळलं नाही. 'दिवसभर रंगीत चित्रं काढतेस,' असं तू म्हणायचास, ते फार चूक नव्हतं. खाणीत ठिकठिकाणी मापकं बसवलेली आहेत. त्यांचे आकडे माझ्याकडे येतात, आणि मी ते वरच्या लोकांना एका नजरेत कळतील असे मांडते. आकडे पाहायला त्यांना वेळ नसतो. म्हणून ट्रकांचा एक खांब, लोखंडाचा एक खांब, आणि धरणाचं एक वर्तुळ. हिरवं, पिवळं नाहीतर लाल. त्या वर्तुळाकडे पाहून ते निर्णय घेतात. लाल झालं की भोंगा आपोआप वाजतो आणि खालचा गाव रिकामा करायचा. लाल नसेल तर कुणी कुणाला हलवायचं नाही, असा लेखी नियम आहे.

पूर्वी पाण्याला एक ठरलेली मर्यादा होती. धरणाच्या पोटातलं पाणी तिच्या वर चढलं की वर्तुळ पिवळं व्हायचं, आणखी चढलं की लाल. पावसाळ्यात ते हमखास पिवळं पडायचं, मग रिओच्या मुख्य कचेरीतून एवांद्रोंना फोन, एवांद्रोंची झोप गायब. शेवटी साओ पाउलोहून एक सल्लागार आला. पांढरे बूट घालून खाणीत आला, यावरूनच ओळख. त्याने मर्यादाच काढून टाकली. आता आजचं पाणी गेल्या सहा महिन्यांच्या सरासरीशी ताडून पाहायचं. एकदम उसळलं तरच रंग बदलणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून वर्तुळ हिरवंगार आहे.

गेल्या आठवड्यात सहज म्हणून मी दोन वर्षांचे आकडे एकाखाली एक मांडले. पाणी सतत चढतंय. उसळत नाही, हळूहळू चढतंय, आणि सरासरीही त्याच्याबरोबर चढतेय. जुनी लाल मर्यादा केव्हाच पाण्याखाली गेली आहे. आपलं लग्न असंच बुडालं ना? रोज कालच्यापेक्षा थोडंसंच वाईट.

मी तो आलेख घेऊन एवांद्रोंकडे गेले. त्यांनी तो पाहिला, घाम पुसला. मग म्हणाले, "नेउझाबाई, वर्तुळ हिरवं आहे ना?" म्हटलं, हिरवं आहे, तेच तर सांगतेय. "मग हिरव्यावर मी कुठला निर्णय घेऊ, तुम्हीच सांगा!" मी म्हटलं, गाव हलवण्याचा. तर म्हणाले, "रिओत माझ्या पडद्यावरचंच पाहतात. तिथे हिरवं आणि इथे मी गाव हलवतोय? वेड्यात काढतील मला. जा, कॉफी घ्या." आणि यंत्राने मला कॉफीही दिली नाही. एवांद्रो दुष्ट नाहीत रे. दुष्ट असते तर भांडले असते मी. त्यांना खरोखरच वाटतं, की पडद्यावर नाही ते जगात नाही.

तेव्हापासून मी धरणाच्या पायथ्याच्या कँटीनमध्ये जेवत नाही. डबा घेऊन वरच्या रस्त्यावर गाडीत बसते आणि खालच्या खिडक्यांतून बीन्स-भात वाढून घेणारी माणसं पाहते. ट्रक गेला, जमीन जराशी थरथरली, की दाराच्या कडीवर हात जातो.

आणि तुमचा तो भोंगा! दर महिन्याच्या दहा तारखेला चाचणीचा भोंगा वाजतो, आणि वर चॅपेलपाशी जमण्याऐवजी तुम्ही लोक काय करता? फळीवर वाळत ठेवलेलं चीज उलटता! अख्ख्या गावाने भोंग्याचं घड्याळ केलंय. "वाजला गं, चला, चीज पालथं घाला." मागच्या वेळी कंपनीने बिस्किटं वाटली तेव्हा चार म्हातारे वर आले होते, तेही बिस्किटांसाठी.

म्हणून हे पत्र. गुरुवारी सकाळी आठवड्याचे आकडे मी यंत्रणेत भरते. या गुरुवारी ती सरासरीची अट काढून टाकून जुनी मर्यादा परत घालणार आहे. एकही आकडा खोटा लिहिणार नाही. वर्तुळ आपणहून लाल होईल आणि भोंगा वाजेल, तुमच्याकडे आणि कँटीनमध्येही. माझी नोकरी दुपारपर्यंत जाईल. ती भीतीही आहेच, पण ती झोपू तरी देते. गुरुवारी दहा तारीख नाही, जुरांदीर. चीज तसंच राहू दे. गाई सोड, दारं वाजव. भोंग्यावर तिथे कुणाचा विश्वास नाही, तुझ्यावर आहे. आणि हो, तुझ्या आईची ती तांब्याची कढई, जिच्यात ती पेरूची वडी आटवायची. कोर्टाने माझ्या वाट्याला दिली, तरी ती तुझीच. काल घासून लख्ख केली आणि वर चॅपेलमध्ये, वेदीच्या मागे ठेवून आले. खाली आणून देणार नाही. न्यायला तूच वर ये.

कागदोपत्री कुणाचीच नसलेली, तरीही तुझीच,
नेउझा