मालती पाण्यात असताना

८ डिसें., शाहूपुरी
सामान बांधून झालं. उद्या विजयदुर्ग. तिथून आठवडाभर किनाऱ्याकिनाऱ्याने, मी आणि बायको, सराव म्हणून. जमलं तर जानेवारीत गोव्याहून लक्षद्वीपपर्यंतची रॅली. शिडाच्या होड्यांचा ताफा, खुला समुद्र. प्रत्येक होडीत दोन माणसं लागतातच.
स्वप्न माझं, चौथीतल्या कवितेपासूनचं. होडी चालवायला शिकली मात्र मालती. शिरोळची, कृष्णेच्या पुरात पोहलेली. मी 'नौका' म्हणतो. मा. म्हणते, "होडी म्हणा की. हलकी तरी वाटंल."
त्या कवितेची शेवटची ओळ काही केल्या आठवत नाही.

१० डिसें., विजयदुर्ग सोडलं
शी! समुद्राला वास असतो हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. पुस्तकातला निळा होता, गाजत होता, वास मात्र नव्हता. इथे डिझेल, कुजकी मासळी. त्यात आमचीच कांदा-लसूण चटणीची बरणी फुटून तळातल्या पाण्यात मिसळली. संडासला हाताने पंप मारायचा. अर्धं जातं, अर्धं परत येतं.
तीनदा ओकलो. तिसऱ्यांदा वाऱ्याकडे तोंड करून. चष्मा भरला. मा. समोर बसून भाकरी खात होती!
पाण्यावर चपला, दुधाच्या पिशव्या, एक फुगलेलं कुत्रं. यालाच मी रत्नाकर म्हणत आलो.

११ डिसें.
माणूस पाण्यात पडलं तर परत आणायचा सराव. माणसाऐवजी नारळ. नियम एकच: नजर हलवायची नाही. एक हात त्याच्याकडे रोखायचा, दुसऱ्याने सुकाणू.
नारळ टाकताना सवयीने हात जोडले गेले. मा. खवळली. "पाया काय पडतासा? नारळ न्हवं, मी हाय ती."
तिन्ही वेळा आणला. डिझेलची साय लागून बुळबुळीत झालेला, हातात धरवत नव्हता. तरी छाती फुगली. "शिकलासा की वो!" म्हणाली. "रॅलीच्या फॉर्मवर दुसरं नाव तुमचंच."

१२ डिसें.
लिहवत नाही.

१३ डिसें., देवगड
लिहितो.
काल मा. ने नारळ बाजूला ठेवला. "नारळासाठी कुणाचा जीव तुटतोय?" लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले आणि स्वतःच उडी टाकली. मी हात रोखला, सुकाणू वळवलं. शीड फडफडायला लागलं. दोर सोडवायला वळलो. तेवढ्यात त्या अंगाला पाण्यावर उन्हाचा पट्टा, त्यात पांढरे पक्षी बसलेले, आणि ती ओळ आली. अख्खी. साठ वर्षांनी.
मोठ्याने म्हटली. दोनदा.
मागे पाहिलं तर नुसतं पाणी.
किती वेळ गेला ठाऊक नाही. होडी नुसती गरगर फिरवत होतो. शेवटी एका मासेमारी लाँचने तिला उचललं. आमच्याजवळ आणताना त्यातला एक ओरडला, "काय आजोबानू, बायकोक टाकून खंय चललास?" सगळे हसले. मा. सुद्धा हसली. ओठ पांढरे पडले होते तिचे.
समुद्राची किळस कालपर्यंत होती. आज स्वतःची येते. ती ओळ इथे लिहिणार नाही. पित्तासारखी घशाशी येते, पुन्हा पुन्हा.

१६ डिसें., शाहूपुरी
घरी. दोनदा आंघोळ केली, अंगाचा वास जात नाही. मा. म्हणते वास नाहीच.
फॉर्म उद्या दहापर्यंत पाठवायचा. तिची सही झाली. दुसरी जागा कोरी ठेवून कागद माझ्यापुढे सरकवला. "ही तुमची तुम्ही भरा. नसंल भरायची तर सांगा, भाचीला ईचारते. ती तयार हाय."
रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं.
ती काही विचारत नाही, म्हणून मीच विचारलं. पाण्यात होतीस तेव्हा मी दिसत होतो का?
"व्हय की." चहा गाळत होती. "पाठ दिसत हुती. आन् काय तरी म्हनत हुतासा, मोठ्यानं. मला वाटलं, मलाच हाका मारताय."
जागा अजून कोरी आहे.