कुंदाचं अवतन

चि. रविकांत,

आशीर्वाद आहे, पण आज जरा हात आखडूनच.

काल तू इथं आला होतास, जेवता जेवता बोललास, तवापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. चुलीशी बसते, उठते, फाटकापर्यंत जाऊन येते. बुधवारी अकोल्याले तुमच्या कंपनीची सभा. मालकाले कंपनीचं जीन, कापसातली सरकी काढायचा कारखाना, मेव्हण्याच्या घशात घालायचं आहे. गेलेल्या भागीदाराची, नारायणची विधवा कुंदा आडवी येईल, म्हणून तिले नोटीसच धाडू नको म्हणाले. अन् तू कंपनीचा सेक्रेटरी मान डोलावून आलास!

मी विचारलं, "नवऱ्याचे शेअर आता तिच्या नावावर ना? मग बोलावणं धाडायचं काम कोणाचं?"

"माझंच, आजी. पण चुकून एखादी नोटीस राहिली तर कायद्यानं सभा मोडत नाही."

चुकून! ठरवून कोणी चुकते काय रे? लग्नात एका घरचं अवतन राहिलं, तर माणसं जन्मभर त्या दारचं पाणी पीत नाहीत. तू तर अवतन द्यायचाच पगार खातोस. नोकरी जाईल म्हणतोस. जाऊ दे, हातपाय धड आहेत तुझे.

हे पत्र पेटीत टाकत नाही. पोचेपर्यंत तुमची सभा उरकेल. त्यापरीस मागच्या गल्लीत कुंदाकडंच जाते. कुंकू तिलेही नाही अन् मलेही नाही, तोंडी अवतन देईन, अन् हे पत्रही तुझ्यासाठी तिच्याच हाती धाडीन.

बुधवारी ती समोर बसलेली दिसली, की मालकाले सांग, आजीच्या हातून चुकून झालं.

तुझी,
अमरावतीची आजी