कोयनेलवरची प्रार्थना

नागपूर, १२ सप्टेंबर १९३३, मंगळवार

रूथचा हिवताप उतरत नाही. दवाखान्यात रोज दुसऱ्यांच्या मुलांची औषधे बनवते. हे औषध माझ्या मुलीचे. सकाळचे कोयनेल तिने ओकून टाकले. संध्याकाळचेही गेले असते तर? पुढचा विचार करवत नाही.

चमचा तोंडाशी नेला तर तिने ओठ मिटले. "आधी प्रार्थना." आमच्याकडे जेवणाआधी देवाचे आभार मानतात, औषधाआधी नाही. मी घाई केली, पण ती हटेना. चमचा हातात तसाच.

उशाशी बसलेल्या शेजारच्या सखूबाई हसल्या. "काहून वं पोरी, कडूजहर औषधाचे बी आभार मानतं काय?"

"माझ्या आईनं बनवलंय ते," रूथ म्हणाली. तापलेले हात जोडून तिने प्रभूचे आभार मानले, मग तोंड वाकडे करून घोट गिळला. तो पोटात राहिला.

सखूबाईंना माझा चेहरा दिसू नये म्हणून मी पाठ फिरवली. ताप आल्यापासून मी नुसती औषधाची मापे घेत होते. प्रार्थना एकही नाही. माझ्या औषधाला एवढा मान आजवर कोणी दिला होता?

चमचा धुताना, उशिरा का होईना, मी आमेन म्हटले.